डिजिटल पियानो हाताला आणि कानाला जुळवून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय साठीच्या पुढे, काही महिन्यांपूर्वी घेतलेला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, दोन्ही कानांना श्रवणयंत्र, त्यातही उजवा कान जास्त कमजोर. वरचे सूर टोचतात, खर्जातले काही सूर भलतेच घुमतात आणि अगदी हळू वाजवायला गेलं की सूर उमटतच नाही. मेन्यूतलं जवळजवळ सगळं फिरवून झालंय. पियानो बदलावा का?

इतक्यात नको. या तीन तक्रारींपैकी एकही अशी नाही की जी ऐकून मी वाद्यालाच दोष देईन. गडबड बहुधा क्रमाची आहे. मी तारांच्या पियानोचं ट्यूनिंग आणि व्हॉइसिंग करतो, आणि बरीच वर्षं लोकांचे डिजिटल पियानोही लावून देतो. तारांच्या पियानोवर कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी रेग्युलेशन, म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची सगळी चाल. मग ट्यूनिंग. व्हॉइसिंग सगळ्यात शेवटी, म्हणजे हातोडीच्या फेल्टला सुया टोचून आवाज मऊ करणं किंवा फेल्ट घासून, कडक करून तो उजळ करणं. चाल बिघडलेली असताना सुया टोचत बसलं तर फेल्ट वाया जातं आणि तक्रार तशीच राहते. डिजिटलमध्ये सुयांच्या जागी मेन्यू आला, पण त्या मेन्यूत डोळ्यांत भरतात ते ब्रिलियन्स (आवाजाची चमक), ईक्यू (खर्ज, मधला आणि वरचा भाग वेगवेगळा चढवणं-उतरवणं) आणि कॉन्सर्ट हॉल (मोठ्या सभागृहाचा घुमारा). लोक तिथूनच सुरुवात करतात आणि शेवटचं काम पहिलं होऊन बसतं.

तेव्हा आधी पियानो कारखान्यातून आला तसा करून घ्या. सध्याच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा आणि फॅक्टरी रीसेट करा. मुख्य ग्रँडचा आवाज निवडा. रीव्हर्ब (खोलीच्या घुमाऱ्याची नक्कल), कोरस, थ्रीडी ॲम्बियन्स, साउंड बूस्ट असलं जे काही असेल ते बंद करा, ईक्यू सपाट ठेवा. आवाज कोरडा आणि जरा उघडा पडल्यासारखा वाटेल. वाटू द्या. रीव्हर्बच्या आड खर्जाचं घुमणंही लपतं आणि हाताचा असमानपणाही, आणि आपल्याला ही दोन्ही दिसायला हवी आहेत.

मग व्हॉल्यूम. हे इतकं साधं वाटतं की कुणी त्याला सेटिंग समजतच नाही, पण माझ्या मते निम्म्या तक्रारी इथे मिटतात. घरच्यांना त्रास नको म्हणून बहुतेक जण बटण पाव-तृतीयांशावर ठेवून वाजवतात. बोटांनी किती जोर लावायचा हे हात कानाच्या भरवशावर ठरवतो. अपेक्षेइतका आवाज आला नाही की तो आपोआप जास्त जोर लावतो, वाजवणाऱ्याला कळतही नाही. जोर वाढला की पियानोचा आवाज मोठा होतो आणि त्याबरोबर त्याचा रंगही बदलतो. तारांच्या पियानोत जोरात आदळणारी हातोडी दबून कडक होते आणि तारेतले वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) जास्त उठतात. डिजिटलमध्ये तोच परिणाम वेगवेगळ्या जोराने ध्वनिमुद्रित केलेल्या नमुन्यांच्या थरांमधून येतो, किंवा गणिती मॉडेलमधून. म्हणजे बटण खाली ठेवून जोरात वाजवणारा माणूस कायम पियानोच्या सगळ्यात तिखट थरात वावरत असतो. त्याला आवाज लहान मिळतो, पण धातूसारखा. तो म्हणतो टोचतंय, आणि बटण आणखी खाली करतो.

यात कानाचाही एक स्वभाव मिसळतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला सगळ्या पट्ट्या सारख्याच प्रमाणात कमी ऐकू येत नाहीत. खर्ज आधी बुडतो, अगदी वरचा भागही काहीसा मागे पडतो आणि मधला कर्कश भाग तेवढा पुढे राहतो. हळू व्हॉल्यूमवर पियानो पातळ वाटतो तो यामुळे. काही पियानोंमध्ये याची भरपाई असते. यामाहाच्या अनेक मॉडेलांत तिला आयएसी म्हणतात, कवाईकडे 'लो व्हॉल्यूम बॅलन्स' असतं. तुमच्याकडे असेल तर ती चालू राहू द्या. बाकी सगळं बंद करायला सांगितलं तरी हा अपवाद.

व्हॉल्यूम लावायचा कसा? मधल्या सीच्या आसपास तुम्हाला जमेल तितक्या हळू चार-पाच सूर वाजवा. खोलीतला पंखा, रस्त्याचा आवाज यांच्या वर ते कष्ट न करता ऐकू आले पाहिजेत. मग दोन्ही हातांनी एक भरघोस कॉर्ड जोरात वाजवा. तो वाजत असताना शेजारच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला पाहिजे, पण अंग आकसता कामा नये. या दोन्हींत बसणारी जागा सापडली की बटणाशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा आणि पुढचं सगळं काम त्याच खुणेवर करा. बटणाची जागा रोज बदलली तर हात रोज नवा हिशेब शिकतो. घरात तेवढा आवाज शक्यच नसेल तर हे काम हेडफोनवर करा. स्पीकर कमी ठेवून हेडफोनची बरोबरी साधायचा प्रयत्न करू नका.

आता टच. पट्टीखाली दोन सेन्सर असतात, चांगल्या यंत्रणेत तीन. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचली यावरून पियानो वेग काढतो आणि त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतो. १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीचा (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची भाषा) हा आकडा आजही बहुतेक पियानोंत चालतो. तुमच्या बोटातलं जे काही आवाजापर्यंत पोचतं ते एवढ्या आकड्यातून. टच कर्व्ह म्हणजे कुठल्या वेगाला कुठला आकडा, किंवा कुठल्या आकड्याला किती आवाज, याचा तक्ता. 'लाइट' निवडलं की थोड्या जोरात मोठा आवाज येतो, 'हेवी' निवडलं की त्याच आवाजासाठी जास्त जोर लागतो. पट्टीचं खरं वजन यात एक ग्रॅमही बदलत नाही. पट्ट्या जड वाटतात म्हणून लाइट लावणारे बरेच भेटतात. त्यांना पट्टी हलकी झाल्यासारखं वाटतं खरं, पण हळू वाजवायला जी जागा होती ती आकसते आणि सगळं वाजवणं वरच्या, तिखट थरात ढकललं जातं.

इथे अंदाजाने काही ठरवू नका, आकडे बघा. पियानो यूएसबी केबलने संगणकाला जोडा, मिडी रेकॉर्ड करणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि नेहमीची एखादी रचना आपल्या रोजच्या पद्धतीने वाजवा. प्रत्येक सुराचा आकडा पडद्यावर दिसेल. माझा ढोबळ हिशेब असा: सगळ्यात हळुवार पण भरवशाचे सूर १५ ते ३०च्या दरम्यान, सर्वसाधारण धून ५० ते ८०, आणि मनापासून मारलेला कॉर्ड ११०च्या आसपास. तुमची साधी धूनच ९०-१००वर जात असेल तर तुम्हाला हेवीकडे जायला हवं आणि व्हॉल्यूम वाढवायला हवा. सगळा जोर लावूनही आकडा ८५च्या पुढे सरकत नसेल तर लाइटकडे. एक अडचण आहे. काही पियानो कर्व्ह लागू झाल्यानंतरचा आकडा बाहेर पाठवतात, काही त्याआधीचा. म्हणून कर्व्ह बदलून तोच तुकडा पुन्हा वाजवून बघा. आकडे सरकलेच नाहीत तर तुमच्याकडे दुसरा प्रकार आहे, आणि मग कर्व्हचा निर्णय कानाने घ्यायचा. 'फिक्स्ड' नावाचा जो पर्याय असतो तो ऑर्गनच्या आवाजांसाठी आहे, पियानो वाजवताना त्याचा उपयोग नाही.

'हळू वाजवलं की सूर उमटत नाही' या तुमच्या तक्रारीचा निकालही याच पडद्यावर लागतो. अगदी हळू पट्टी दाबा. आकडा दिसला, ८ किंवा १०, पण तुम्हाला काही ऐकू आलं नाही, तर सूर उमटला आहे आणि प्रश्न व्हॉल्यूमचा किंवा कानाचा आहे. आकडाच आला नाही तर पट्टी इतक्या सावकाश खाली गेली की पियानोने तिला सूर मानलाच नाही. तारांच्या पियानोतही असंच होतं: पट्टी खूप हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. ही मर्यादा किती कडक ठेवायची याचं सेटिंग काही पियानोंत असतं, कवाईच्या काही मॉडेलांत त्याचं नाव 'मिनिमम टच' आहे. ते नसेल तर बोटाची सवय बदलावी लागते: पट्टी सावकाश ढकलण्याऐवजी पृष्ठभागावरूनच, कमी वजनाने पण ठरावीक वेगाने सोडायची. हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड वाजवून आलेल्यांना हे जड जातं, कारण तिथे पट्टी कशीही दाबली तरी सूर येतोच. कर्व्ह बदलल्यावर लगेच मत बनवू नका. हाताला नव्या हिशेबाची सवय व्हायला काही दिवस लागतात, तोवर प्रत्येक कर्व्ह चुकीचाच वाटतो.

व्हॉल्यूम आणि टच जागेवर आल्यावर जे टोचणं उरेल तेच खरं टोचणं. त्यासाठी तुमच्या कानांचा अहवाल हाताशी घ्या. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत काढतात, आणि तो पियानोच्या पट्ट्यांवर जवळजवळ सरळ बसतो. २५० म्हणजे साधारण मधला सी (२६२ हर्ट्झ). ५०० म्हणजे त्याच्या वरचा सी, १००० म्हणजे त्याच्याही वरचा, २००० म्हणजे शेवटून दुसरा सी, आणि ४००० म्हणजे जवळजवळ अगदी उजवीकडची शेवटची पट्टी, ४१८६ हर्ट्झ. ८००० हर्ट्झला पट्टीच नाही, तिथे फक्त उपस्वर आणि हातोडीची खटखट असते. वयोमानाने होणारी घट सहसा वरून सुरू होते. म्हणजे तुमचा आलेख ३०००-४०००च्या पुढे घसरत असेल तर जवळपास सगळ्या पट्ट्यांचे मूळ सूर तुम्हाला अजून ऐकू येतात. जातं ते सुराच्या सुरुवातीचं धारदार टोक आणि चमक.

ती चमक परत आणायला लोक ब्रिलियन्स वाढवतात आणि फसतात. आतल्या कानाच्या पेशी गेल्या असतील तर ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागा अरुंद होते. हळू सूर ऐकू येत नाही, आणि जरा जोर वाढला की तोच सूर एकदम अंगावर येतो. ऑडिओलॉजीत याला रिक्रूटमेंट म्हणतात. तुमच्या 'हळू उमटत नाही' आणि 'जोरात टोचतो' या दोन तक्रारी मला एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. ब्रिलियन्सने हळू सूरही उजळतो आणि जोराचाही. हळूचा फायदा थोडा, जोराचा त्रास मोठा.

म्हणून मी उलट बाजूने जातो. आधी व्हॉइसिंग 'मेलो' किंवा 'सॉफ्ट'कडे एक पायरी. यामाहाकडे हे 'पियानो रूम'मध्ये सापडेल, कवाईकडे 'व्हर्च्युअल टेक्निशियन'मध्ये, रोलँडकडे 'पियानो डिझायनर'मध्ये. बऱ्याच पियानोंत व्हॉइसिंग हे जोरानुसार काम करतं, त्यामुळे तिखट थर निवळतो आणि हळू सुराचं फार नुकसान होत नाही. ईक्यू मात्र सगळ्यांना एकाच मापाने कापतो, म्हणून तो नंतर. मग एकेका पट्टीचा आवाज बदलायची सोय असेल, तर उजवीकडच्या दीड सप्तकाचा आवाज किंचित वाढवा, एकेक पायरीने. चमक वाढवल्याने जे साधत नाही ते इथे साधतं: मूळ सूर मोठा होतो, धार तेवढीच राहते. हॅमर नॉइज (हातोडीची खटखट) असेल तर कमी करा, पण शून्यावर नेऊ नका. सुराची सुरुवात कळायला ती खटखट मदत करते, विशेषतः ज्यांचा वरचा भाग गेलाय त्यांना.

एवढं करून टोचणं राहिलंच तर ईक्यू उघडा. माणसाच्या कानाची नळी ३००० हर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःच वाढवते, म्हणून २००० ते ४००० हा पट्टा सगळ्यांनाच आधी बोचतो. तिथे रुंद पट्ट्यात २-३ डेसिबल उतरवून बघा. जाडेभरडेपणा, गढूळपणा वाटत असेल तर तो सहसा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो. ईक्यूत मी चढवण्यापेक्षा उतरवणं पसंत करतो, आणि ४ डेसिबलपेक्षा जास्त उतरवावं लागलं तर थांबून मागे जातो. तेव्हा कुठली तरी आधीची पायरी चुकलेली असते.

उजवा कान कमजोर आहे हे तुम्ही ओघात लिहिलंय, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. डिजिटल पियानोचे नमुने सहसा वादकाच्या जागेवरून घेतलेले असतात, खर्ज डावीकडे आणि वरचे सूर उजवीकडे. हेडफोनवर हे विभाजन आणखी ठळक होतं. म्हणजे तुमचे सगळे वरचे सूर नेमके तुमच्या कमजोर कानाकडे पाठवले जातात. मेन्यूत स्टीरिओ विड्थ असेल तर ती निम्मी करा, किंवा मोनो पियानोचा आवाज असेल तर तो वापरून बघा. दोन्ही नसेल तर पियानोच्या मागे 'एल/मोनो' लिहिलेलं लाइन-आउट बघा. फक्त त्यातच केबल लावली की बहुतेक पियानो दोन्ही बाजू एकत्र करून देतात, आणि तो आवाज समोर ठेवलेल्या एका चांगल्या स्पीकरवर ऐकता येतो. हेडफोनसाठी छोटा मिक्सर घेऊन दोन्ही वाहिन्यांचं पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे वळवणारं बटण) मध्यावर आणता येईल. काही नमुने मोनोत पोकळ वाटतात, तेव्हा दोन-तीन ग्रँड आवाज ऐकून निवडा.

दोन्ही कान आळीपाळीने झाकून एकच वरचा सूर ऐकून बघा. दोन कानांना तो वेगवेगळ्या उंचीचा वाटला तर त्याला डिप्लाक्युसिस म्हणतात. पियानोचं ट्यूनिंग बदलून ते सुटत नाही. आणि एखाद्या कानाचं ऐकणं दिवस-दोन दिवसांत अचानक घटलं तर पियानो बाजूला ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात उपचार लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं. साधं संभाषण ६०-६५ डेसिबलच्या आसपास चालतं, तर तारांचा पियानो जोरात वाजला की वादकाच्या कानाशी क्षणिक शिखर १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतं. यंत्राचा माइक आणि त्यामागची साखळी तिथे फाटते, म्हणजे आवाज न पेलल्याने तो विकृत होतो, आणि जे टोचतं ते कधी कधी पियानो नसून हे फाटणंच असतं. यंत्रातली शीळ रोखणारी यंत्रणा पियानोचा लांबलेला, शुद्ध वरचा सूर शीळच समजते आणि तो दाबायला जाते. मग सूर थरथरतो किंवा चिवचिवतो. कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे यंत्र लहान आवाज जास्त आणि मोठा कमी वाढवतं त्यामुळे, विरत जाणारा सूर मध्येच फुगतो. काही यंत्रं वरच्या कंपनसंख्या खाली सरकवतात (फ्रीक्वेन्सी लोअरिंग). बोलण्यातला 'स' ऐकू यायला ते चांगलं आहे, पण पियानोचे उपस्वर त्याने सरळ बेसूर होतात. एक सोपी चाचणी: वरचा एक सूर पेडल दाबून वाजवा, यंत्र घालून ऐका आणि मग काढून ऐका. थरथर यंत्र काढल्यावर गेली तर पियानोच्या मेन्यूला हात लावू नका.

ऑडिओलॉजिस्टकडे संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा, आणि नुसतं 'म्युझिक प्रोग्रॅम द्या' म्हणण्यापेक्षा काय हवं ते सांगा: शीळ रोखणं बंद किंवा सौम्य, नॉइज रिडक्शन बंद, माइक सर्व दिशांचा, फ्रीक्वेन्सी लोअरिंग बंद, कॉम्प्रेशन कमी आणि संथ. जमलं तर एखादा छोटा कीबोर्ड सोबत न्या. तिथल्या शांत खोलीत बोलून केलेलं जुळवणं घरी पियानोवर टिकत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. घट सौम्य ते मध्यम असेल तर यंत्र काढून, मोठ्या ओपन-बॅक (मागून उघड्या) हेडफोनवर, वरचा भाग किंचित चढवून वाजवणं अनेकांना जास्त नैसर्गिक वाटतं. इथे तो चढवणं चालतं, कारण यंत्राची चढवण मधून गेलेली असते. यंत्रासह एक सेटिंग आणि यंत्राशिवाय दुसरं, अशी दोन साठवा. एकाच सेटिंगवर दोन्ही साधायचा प्रयत्न फसतो.

हेडफोन शक्यतो वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि बोटांना २०-३० मिलिसेकंदांपासूनच उशीर जाणवायला लागतो. श्रवणयंत्रात थेट ब्लूटूथने आवाज घेतला तरी हीच अडचण. आवाजाच्या मर्यादेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. आधीच घट असलेल्याने यापेक्षा खालीच राहावं.

खर्जाचं घुमणं बहुधा पियानोत नाहीच, खोलीत आहे. सगळ्यात डावीकडून सुरू करून दोन सप्तकं एकेक पट्टी सारख्या जोराने वाजवत जा. एक-दोन सूरच उसळून येत असतील आणि शेजारचे शांत असतील, तर खोली बोलते आहे. उदाहरणार्थ, ३.५ मीटर लांबीच्या खोलीत ४९ हर्ट्झला अनुनाद होतो, आणि ४९ हर्ट्झ म्हणजे डावीकडून, काळ्या धरून, ११वी पट्टी, खालचा जी. हेडफोनवर तोच सूर शेजाऱ्यांसारखा वाजला तर खात्रीच झाली. पियानो कोपऱ्यात असेल तर आधी तो बाहेर काढा. मग भिंतीपासून थोडं थोडं पुढे आणत ऐका, ३० सेंटिमीटरनेही फरक पडतो. खाली तोंड असलेल्या स्पीकरचा पियानो टेबलावर ठेवला तर टेबलाची फळीही वाजते, तिथे स्टँडच बरा. जवळच्या कपाटाच्या कड्या, फोटोच्या काचा हाताने धरून बघा. ईक्यूने खर्ज उतरवला तर त्या एका सुराबरोबर बाकीचे सगळे सूर दुबळे होतात, म्हणून तो शेवटचा उपाय.

घुमणं सगळ्या खर्जात सारखंच असेल आणि पेडल दाबल्यावर वाढत असेल तर डॅम्पर रेझोनन्स (पेडल दाबल्यावर बाकीच्या तारांच्या घुमण्याची नक्कल) दोन पायऱ्या कमी करा. सोबत आलेलं पेडल नुसतं चालू-बंद होणारं असेल तर अर्धं पेडल (ते थोडंच दाबून घुमणं आवरणं) जमणार नाही आणि खर्ज साचत राहील. पियानोला चालणारं असेल तर अर्धं पेडल ओळखणारं घ्या.

ट्यूनिंग ४४० वर (मधल्या सीच्या वरचा ए, ४४० हर्ट्झ) आहे तिथेच ठेवा. 'स्ट्रेच' नावाचं सेटिंग दिसलं तर त्यालाही हात लावायचं कारण नाही. तारा कडक असल्याने त्यांचे उपस्वर थोडे चढे असतात, म्हणून ट्यूनर वरची सप्तकं जरा चढी आणि खालची जरा उतरती लावतात. रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये याचा आलेख मांडला होता. ग्रँडच्या नमुन्यांत हा ताण आधीच असतो.

आता रीव्हर्ब परत चालू करा, अगदी थोडा, 'रूम' प्रकारचा. कॉन्सर्ट हॉल मला सरावाला अजिबात आवडत नाही, त्यात प्रत्येकजण आहे त्यापेक्षा बरा वाजवतो.

जुळवाजुळव करताना एक सोय जरूर वापरा. पियानोच्याच रेकॉर्डरमध्ये एक तुकडा वाजवून ठेवा आणि तो परत लावून, नुसतं बसून ऐकत व्हॉइसिंग आणि ईक्यू बदला. हात मोकळे असले की कानाला हात फसवत नाही. टचचा निर्णय मात्र यावर करता येत नाही, कारण जोराचे आकडे आधीच गोठलेले असतात. दोन सेटिंगची तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठ्या ऐकू येतील असं बघा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. दिवसभराच्या गोंगाटानंतर हे काम काढू नका, थकलेल्या कानाने सकाळी नको वाटणारी चमक लावली जाते. आणि साठवायला विसरू नका. बरेच पियानो काही वेळाने आपोआप बंद होतात आणि स्टार्टअप सेटिंग म्हणून न साठवलेलं सगळं पुसलं जातं.

एवढ्यावर मी हे आठवडाभर तसंच ठेवेन. त्यानंतरही पियानो बदलायची वेळ येऊ शकते, पण तीन कारणांनी. एक, जोर हळूहळू वाढवताना आवाजाचा रंग मध्येच पायरी चढल्यासारखा उडी मारत असेल. तिथे नमुन्यांचे थर कमी आहेत, सेटिंगने ते वाढत नाहीत. दोन, पट्ट्या तुमच्या बोटांना खरोखरच जड असतील, सर्वात सौम्य कर्व्हवरही अर्ध्या तासात मनगट दुखत असेल. तीन, एखादीच पट्टी शेजारणींपेक्षा कायम मोठी किंवा लहान वाजत असेल. यात मात्र बदलण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा, सेन्सरखाली धूळ बसलेली असते आणि साफ केल्यावर बहुतेक वेळा काम होतं. वॉरंटीत असाल तर त्या पट्टीचे आणि शेजारच्या दोन पट्ट्यांचे आकडे रेकॉर्ड करून सोबत द्या. 'आवाज बरा वाटत नाही' या तक्रारीपेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.